गोल्फ कोर्सवर गवत सांभाळायच्या कामात शिरायचं आहे, बेळगावकडच्यांनी जरा सांगा

कडोली_शिवार
नमस्कार मंडळी. मी कडोलीचा. बी.एस्सी. अ‍ॅग्री होऊन दीड वर्ष झालं. घरी तीन एकर आहे, भात, बटाटा, कोबी असं चालतं. मधे सहा महिने तिळकवाडी आणि हनुमाननगरकडच्या बंगल्यांना लॉन घालून देणाऱ्या एका ठेकेदाराकडं काम केलं. मेक्सिकन, सिलेक्शन वन, कोरियन, सगळी गवतं हाताखालून गेली. त्यातच हे वेड लागलं. आता गोल्फ कोर्सवरच्या गवताच्या कामात करिअर करता येईल का हे बघालोय.

दोन रस्ते समोर आहेत. एक एजंट म्हणतोय, स्कॉटलंडला ग्रीनकीपिंगचा कोर्स करून ये. पैसे लाखात मागालाय, म्हणजे अर्धा एकर विकावा लागेल. दुसरीकडं बंगळूरच्या एका क्लबात ट्रेनी म्हणून घेतो म्हणालेत, पगार मात्र उद्यमबागच्या फाउंड्रीत हेल्परला मिळतो तेवढाच.

बाबांचं म्हणणं वेगळंच. "हरळीच्या काशा वेचता वेचता आमची पाठ गेली, आणि तू पदवी घेऊन हरळी लावायला जाणार?" त्यांना काय उत्तर द्यावं तेही कळेना. या कामातलं कुणी असेल तर मनापासून सांगा.

अरभावीची
मी अरभावीच्या हॉर्टिकल्चर कॉलेजची. आठ वर्षं झाली बंगळूरच्या एका क्लबात, सध्या असिस्टंट सुपरिटेंडेंट आहे, म्हणजे मैदान सांभाळणाऱ्या मुख्य माणसाच्या हाताखाली. जरा सविस्तर लिहिते, कारण मी सुरुवात केली तेव्हा हे सांगणारं कुणी नव्हतं.

आधी तुझ्या बाबांचा मुद्दा, कारण तो अगदी खरा आहे. गोल्फच्या ग्रीनवर, म्हणजे चेंडू घालायच्या होलभोवतीच्या बारीक कापलेल्या जागेवर, जे गवत असतं ते आपल्या हरळीचंच भावंड. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात टिफ्टन म्हणून गाव आहे. तिथल्या संशोधन केंद्रात आपली हरळी आणि आफ्रिकेतली एक बारीक पानांची हरळी यांचा संकर झाला. टिफवे, टिफड्वार्फ, टिफईगल ही नावं त्या गावावरून पडली. या संकरित जातींना उगवणारं बी धरत नाही, काड्या लावूनच त्या वाढवाव्या लागतात. म्हणजे बाबा ज्या काशा वेचून बांधावर फेकतात, तसल्याच काड्या आम्ही मोजून, ओल्या गोणपाटात गुंडाळून आणतो. हरळी मरता मरत नाही म्हणून शेतकरी तिला शिव्या देतो. रोज खरवडून कापलं तरी जगणारं गवत दुसरं फारसं नाही, म्हणून आम्हाला ती हवी असते. बाबांना एवढंच सांग, तुम्ही तिला मारायला जेवढं ओळखलंत, तेवढंच जगवायला ओळखावं लागतं.

आता काम. बंगल्याच्या लॉनची सवय इथं उपयोगाची कमी, अडचणीची जास्त. लॉन आपण तीन-चार सेंटीमीटरवर ठेवतो. ग्रीन ठेवतात साधारण ३ मिलीमीटरवर. फेअरवे, म्हणजे ग्रीनपर्यंतचा खेळायचा पट्टा, १२ ते १५ मिलीमीटर, बाजूचं रफ त्याहून उंच. तीन मिलीमीटर म्हणजे दोन नाण्यांची जाडी. इतक्या बुटक्या गवताला पान असं उरतंच किती? त्याच पानावर त्याला अन्न करायचं असतं, मूळ धरायचं असतं, वरून शेकडो पावलं सोसायची असतात. म्हणून एक दिवसाचं दुर्लक्षसुद्धा लगेच दिसतं.

कृषी पदवीवाल्यांना सगळ्यात जड काय जातं सांगते. आपल्याला चार वर्षं उत्पन्न वाढवायला शिकवलेलं असतं. जोमदार वाढ दिसली की आपला जीव सुखावतो. इथं जोमदार वाढ म्हणजे संकट. युरिया जास्त पडला की गवत फोफावतं, खाली काडीकचऱ्याची गादी तयार होते, पाणी मुरत नाही, बुरशी येते, चेंडू अडखळतो. वर्षभराचा नत्र हिशेबात धरला तर ग्रीनला जवळजवळ उसाइतका लागतो, पण तो उसासारखा दोन-तीन हप्त्यांत द्यायचा नसतो. पाचशे चौरस मीटरच्या ग्रीनला आठ-दहा दिवसांनी चौरस मीटरमागे अर्धा ग्रॅम नत्र द्यायचा तर एकूण युरिया बसतो साधारण ५४५ ग्रॅम. पाण्यात विरघळवून सारखा फवारायचा. हे गणित मी पहिल्या महिन्यात चुकवलं आणि एक ग्रीन पंधरा दिवस पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांचं झालं. सुपरिटेंडेंट ओरडले नाहीत. रोज सकाळी मला त्याच ग्रीनवर उभं करून "आज काय दिसतं?" एवढंच विचारत राहिले. त्या पंधरा दिवसांत मी जे शिकले ते पदवीच्या कुठल्याच वर्षात शिकले नव्हते.

दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो. आधी दव झाडायचं, लांब लवचीक काठीनं. पान जितका वेळ ओलं राहतं तितकी बुरशीला संधी, म्हणून हे काम हलकं समजायचं नाही. मग कटिंग, रोज दिशा बदलून. मग होलची जागा बदलायची. होल १०८ मिलीमीटर व्यासाचं असतं, नव्या होलमधून काढलेली गवताची गट्टी मातीसह जुन्या होलमध्ये अशी बसवायची की हात फिरवला तरी सांधा लागू नये. ट्रेनीला पहिले दोन-तीन महिने हेच. कंटाळलास तर संपलं.

परदेशाचं नंतर बोलू. आधी बंगळूरला जा.

वेदगंगाकाठ
मी निपाणीकडचा ऊसवाला, गोल्फचं मला काही कळत नाही. ताई, एक विचारतो. आमच्याकडं हुमणीनं, भुंगेऱ्याच्या अळीनं, उसाची मुळं खाऊन दाणादाण केलीय. गवताला ही लागत नाही काय?

अरभावीची
लागते की दादा! हुमणीला मूळ हवं, उसाचं का गवताचं हे ती बघत नाही. पावसाळा सरताना फेअरवेवर तांबडे चट्टे दिसतात, हातानं ओढलं की गवत गोधडीसारखं वर येतं. आणि हुमणी शोधत डुकरं आली तर एका रात्रीत सगळं उकरलेलं. उपायही तुमचाच. वळवाचा पहिला पाऊस झाला की भुंगेरे संध्याकाळी बाहेर पडून कडुलिंब, बाभळीवर बसतात. तेव्हाच झाडं हलवून, प्रकाश सापळे लावून गोळा करायचे. हुमणीला मारणारी मेटारायझियम बुरशी जमिनीत द्यायची. आमच्या टीममध्ये हे मला चिक्कोडीकडच्या एका माळीकाकांनी शिकवलं.

लव्हाळ्याचंही तसंच. उसात लव्हाळ्यासाठी जे हॅलोसल्फ्युरॉन तणनाशक मारतात तेच हरळीच्या मैदानावर चालतं, हरळी तगते, लव्हाळा जातो. कडोली_शिवार, हे तुझं भांडवल आहे हे लक्षात ठेव. शहरातून आलेल्या मुलाला लव्हाळ्याची गाठ दिसतच नाही. तू लव्हाळा लांबून ओळखशील.

माजी_जवान_खानापूर
पोरा, मी मराठा रेजिमेंटमधून रिटायर. नोकरीची शेवटची चार वर्षं एका छावणीच्या गोल्फ मैदानावर देखरेखीला होतो. आर्मीची मैदानं देशभर आहेत, त्यांना आता एन्व्हायर्न्मेंटल पार्क अँड ट्रेनिंग एरिया म्हणतात. पूर्वी पाणी नसलेल्या ठिकाणी ग्रीन नसायचंच, तेल घातलेल्या वाळूचं "ब्राउन" असायचं. बाजूला ओढायचा फळकुट ठेवलेला, खेळून झालं की वाळू सारखी करायची. ते बघून आलेल्याला हिरवं ग्रीन काय किमतीचं आहे ते कळतं.

माझा सल्ला, निचरा शिक. खानापूर, जांबोटी, कणकुंबीचा पाऊस तू बघितलायस. तसल्या पावसात पाणी उतरलं नाही तर गवत गुदमरतं, वर हिरवं शेवाळ धरतं, पाय घसरतो. आमच्याकडं जुन्या लाल मातीचं एक ग्रीन होतं. दर पावसाळ्यात नासायचं. दर दिवाळीला आम्ही वरून वाळू टाकायचो, खाली मात्र माती तीच. शेवटी एका साहेबांनी ते खणायला लावलं. बुडात पाइप, त्यावर चार इंच खडी, त्यावर फूटभर वाळू. पुढच्या पावसात तासाभरात मैदान मोकळं. तोवर आम्ही वरवरची मलमपट्टी केली ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

अरभावीची
काकांनी सांगितलं तीच रचना अमेरिकेच्या गोल्फ असोसिएशननं १९६० मध्ये छापली आणि आज जगभर वापरतात. ३० सेंटीमीटर वाळू, खाली १० सेंटीमीटर खडी. गंमत अशी की खडीवरची वाळू थोडं पाणी धरून ठेवते, पूर्ण भरली की जास्तीचं खाली सोडते. म्हणजे मुळांना ओल राहते आणि पावसाचं पाणी साचत नाही. वाळू मात्र चाळणीच्या मापाचीच हवी. नदीची दिसेल ती वाळू ओतली की बारीक कणांनी भोकं बुजतात.

वाळूचं वेड जुनं आहे. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला टॉम मॉरिस म्हणून ग्रीनकीपर होते, १८६०च्या दशकात ते मैदान त्यांच्या हाती आलं. गवतावर वाळू पसरायची पद्धत त्यांनी रुळवली. आपण आज टॉप ड्रेसिंग म्हणतो ते हेच. वाढीच्या दिवसांत दर दोन-तीन आठवड्यांनी अगदी पातळ थर, ब्रशनं पानाखाली उतरवायचा. वर्षातून एक-दोनदा पोकळ दात्यांच्या मशीननं मातीच्या गोळ्या काढून भोकं वाळूनं भरायची. तेव्हा मेंबर लोक चिडतात, "चांगलं ग्रीन उकरलं" म्हणतात. आठ-दहा दिवसांत तेच ग्रीन पहिल्यापेक्षा चांगलं होतं, तोवर बोलणी खायची.

अथणीचा_पाऊस
सगळं वाचलं. राग मानू नका, पण मनातलं बोलतो. आमच्या अथणी तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात बाया. तिथं शंभर एकरांवर गवताला पाणी हा विचार मला पटत नाही. हुशार पोरं त्यात जाणार, तर हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारायलाच हवा.

अरभावीची
दादा, राग कशाचा. हा प्रश्न मी रोज घेऊन जगते. आकडेच मांडते. एक मिलीमीटर पाणी एका चौरस मीटरवर म्हणजे एक लीटर. उन्हाळ्यात गवताचं दिवसाला पाच मिलीमीटर पाणी उडतं असं धरा. अठरा ग्रीन, प्रत्येकी पाचशे चौरस मीटर, म्हणजे ४५ हजार लीटर. हे फार वाटत नाही. पण दहा हेक्टर फेअरवेला तेवढंच द्यायचं ठरवलं तर दिवसाला पाच लाख लीटर. हे खूप आहे, नाकारत नाही.

म्हणून या कामात शहाणपण कुठं लागतं तर पाणी न देण्यात. फेअरवेला रोज पाणी देणारा सुपरिटेंडेंट मला चांगला वाटत नाही. हरळी ताण सोसते, पान जरा निळसर दिसू लागेपर्यंत थांबता येतं, त्यानं मूळ खोल जातं. रोजच्या शिडकाव्यानं ते वरच राहतं. आता बरेच कोर्स सांडपाणी शुद्ध करून वापरतात. त्यात क्षार येतात, म्हणून किनारपट्टीवर वाढणारं पास्पालम गवत वापरात आलं, ते खारं पाणी सोसतं. माझं मत स्पष्ट आहे. पिण्याच्या किंवा कालव्याच्या पाण्यावर नवा कोर्स कोरडवाहू भागात होऊ नये. तिथं मला नोकरी दिली तरी मी जाणार नाही.

अथणीचा_पाऊस
एवढं सरळ उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. पोरा, जा तू. पण हे पाण्याचं ताईंकडनं नीट शिकून घे, परत आलास की आमच्या डाळिंबवाल्यांनाही सांग.

येळ्ळूर_ते_दुबई
मी सात वर्षं दुबईत एका कोर्सच्या इरिगेशन टीममध्ये होतो, आता येळ्ळूरला भात करतो. एजंटबद्दल सांगायचं होतं.

स्कॉटलंडचा कोर्स खोटा नाही. एल्मवूड कॉलेजचं ग्रीनकीपिंगचं नाव जुनं आहे. अमेरिकेत रटगर्सला गोल्फ टर्फचा कोर्स आहे, पेन स्टेट तर घरबसल्या ऑनलाइन शिकवतं. पण या सगळ्यांना तू स्वतः लिहू शकतोस, अर्ज करू शकतोस. मधल्या माणसाला लाख द्यायचं कारणच नाही. जमीन विकू नकोस भावा. गेलेला अर्धा एकर परत मिळत नाही. गल्फची नोकरी सांगणारा कुणी भेटला तर सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर त्याची नोंदणी आहे का बघ, करार वाचल्याशिवाय सही नको.

दुबईत १९८८ साली एमिरेट्स क्लबचा गवताचा कोर्स सुरू झाला. त्याआधी त्या वाळवंटात असं पूर्ण हिरवं मैदान नव्हतं. आता तिथं ग्रीनकीपर आपलेच लोक आहेत बरेच. पण त्यांना माणूस हवा असतो तो काम येणारा. सर्टिफिकेट घेऊन आलेला पण स्प्रिंकलरचं नोझल उघडता न येणारा मी बघितलाय. तो दोन महिन्यांत परत गेला.

आणि फवारणी. सुरुवातीला मी ज्या ठिकाणी होतो (नाव नको) तिथं बुरशीनाशक मास्कशिवाय मारायला लावायचे. एकदा रात्रभर उलट्या झाल्या, डॉक्टरनं तीन दिवस झोपवलं. आपल्याकडं कोबीवर औषध मारताना पोरं उघड्या हातानं बादलीत ढवळतात, ती सवय घेऊन जाऊ नकोस. हातमोजे, मास्क, गमबूट दिले नाहीत तर पंप पाठीवर घ्यायचा नाही. नोकरी दुसरी मिळते.

उद्यमबाग
माझा धंदा ग्राइंडिंगचा. गोल्फ बघितलेलं नाही, पण गोव्याकडच्या एका रिसॉर्टची गवत कापायची सिलिंडर मशीन माझ्याकडं यायची, त्यावरून सांगतो. ह्या मशीनचं पातं फिरून गवत तोडत नाही, कात्रीसारखं खालच्या पात्यावर कापतं. त्या दोघांतलं अंतर कागदाच्या जाडीएवढं. पेपरची पट्टी आत धरून सिलिंडर हातानं फिरवायचा, पट्टी सगळ्या लांबीत स्वच्छ कापली गेली पाहिजे. एका बाजूला नुसती दुमडली तर तिथं गवत फाटणार, आणि फाटलेलं टोक दुसऱ्या दिवशी पांढरं पडतं. रिसॉर्टचे लोक खत कमी पडलं म्हणून वर्षभर खत घालत होते. दोष पात्याचा होता. तुझ्या धंद्यात जायचं तर मशीन हातानं उघडायला शिक. बेळगावचं पोर हाय, हे तरी आपल्याला जमतंय.

अरभावीची
उद्यमबागदादांनी लिहिलंय ते सोन्यासारखं आहे. आमच्याकडं चांगला ग्राइंडिंग करणारा मिळाला की त्याला सुपरिटेंडेंट स्वतः चहा देतात.

पगाराचं राहिलं. पहिली दोन वर्षं तंगी. माळी किंवा ट्रेनी, मग सुपरवायझर, मग असिस्टंट, मग सुपरिटेंडेंट अशी चढण आहे. पदवी असल्यानं तू वरच्या पायऱ्या लवकर चढशील, पण खालच्या चुकवू नकोस. मैदानावरचे जुने माळी तुला पदवीवर मानणार नाहीत, होल नीट कापलास तर मानतील. त्यांच्याशी कन्नडमध्ये बोल. तुला बोलता येतंय, लाजू नकोस. आमच्या क्लबात आंध्र, ओडिशा, उत्तर कर्नाटक सगळीकडची माणसं आहेत आणि मैदानाची भाषा कन्नडच.

बंगळूरला जायच्या आधी बेळगावातच हात बसवायचा असेल तर ऑटोनगरच्या क्रिकेट स्टेडियमसारख्या मैदानावर विचारून बघ. भारत अ आणि श्रीलंका अ यांची अनधिकृत कसोटी २०१९ ला तिथं झाली होती. खेळपट्टीचं काम वेगळं, तिथं चिकण माती आणि रोलर. पण आउटफिल्डचं गवत, पाणी, कटिंग, हे सगळं आपलंच. पुढं मन क्रिकेटकडं वळलं तर बीसीसीआय क्युरेटरांना, म्हणजे खेळपट्टी सांभाळणाऱ्यांना, प्रशिक्षण देतं.

कडोली_शिवार
सगळ्यांना काय म्हणू. एजंटला नाही म्हणून सांगितलं. जमीन राहिली, त्यावर आई सगळ्यात खूश.

एक विचारायचं राहिलं. ताई, जायच्या आधी महिनाभर आहे. घरी काय करत राहू?

अरभावीची
अंगणात चार फूट बाय चार फूट वाफा कर. चाळलेली वाळू, खाली खडी. बांधावरचीच हरळी लाव. कात्रीनं रोज काप, हळूहळू खाली आणत. पान पिवळं पडायला कुठल्या उंचीला सुरुवात झाली, पाणी दिल्यावर किती तासांनी वरची वाळू कोरडी झाली, हे वहीत लिहीत जा. फोटो नको, वही. आणि एक सुरी ठेव. रोज एका कोपऱ्यात खोचून मूळ किती खोल गेलं ते बघ.

कडोली_शिवार
(पाच आठवड्यांनी) बंगळूरहून लिहितोय. रुजू होऊन आठ दिवस झाले. दव झाडतोय, बंकरची (खड्ड्यांतली) वाळू ओढतोय. होल कापायला अजून दिलेलं नाही, काल जुन्या होलची गट्टी बसवायला दिली. इथले एक माळीकाका बागलकोटचे आहेत. मी हरळी म्हणालो की ते गरिके म्हणतात. गणपतीला वाहतो ती दुर्वा, तीच गरिके. त्यांनी माझी वही मागून घेतली आणि पानं उलटून बघितली. घरचा वाफा बारा मिलीमीटरच्या खाली गेल्यावर पिवळा पडला होता, त्याचं कारण त्यांनी एका वाक्यात सांगितलं. मी एकदम फार खाली उतरवत होतो, त्यांनी सांगितलं दर खेपेला एक तृतीयांशापेक्षा जास्त पान घ्यायचं नाही. कॉलेजमध्ये हे वाचलं होतं, पण हातात उतरलं नव्हतं.

वाफा आता बाबांकडं आहे. परवा फोनवर विचारालेत, "ह्याला रोज किती पाणी घालू?" मी म्हटलं, बोट खुपसून बघा, ओल लागली तर घालू नका. म्हणाले, "ते मला माहीत हाय."

उद्यमबागदादा, आमच्या स्टोअरमध्ये एक जुनं हातानं ढकलायचं मशीन धूळ खात पडलंय. काकांनी सराव करायला घेऊन जा म्हटलंय, दिवाळीला घरी आणतोय. खिळा लागून एका पात्याला खाच पडलीय. तुमच्याकडं होईल काय?

उद्यमबाग
होतंय. नुसता सिलिंडर आणू नको, खालचं पातंही सोबत आण. एकाला धार आणि दुसरं जुनं, असं बसत नाही. शनिवारी सकाळी ये, दुपारनंतर लाइट जाते.